आईबापांचा आहेर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कुपवाडातल्या घरी पत्रिकांची रीघ सुरू होते. चाळीस वर्षं बँकेत काढल्यामुळे ओळखी पुष्कळ. शिवाय दोनचार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे पत्रिकेतला मजकूर तपासून द्यायचं कामही माझ्याकडेच येतं. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हे कुठे येतं आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हे कोणाच्या नावानं छापायचं, यातला मी आता तज्ज्ञ झालो आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर शेजारची मुलगी तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा मी चष्मा पुसून पत्रिका हातात घ्यायच्या तयारीतच बसलो होतो.

पण तिनं पर्समधून पत्रिका न काढता एक यादी काढली. म्हणाली, “काका, लग्नात सगळ्यांना आहेर मिळतो. करवलीला मिळतो, कानपिळीला भावाला मिळतो, अगदी वाजंत्रीवाल्यालाही नारळ-टोपी मिळते. आईबाबांना काय मिळतं? आम्हां दोघांना चौघांसाठी काहीतरी घ्यायचंय. आमच्या पैशांनी. काय घेऊ, सांगा.”

चौघांसाठी म्हणाली खरी, पण होते तिघंच. मुलगा पलूसकडचा. त्याचे वडील २०२१च्या कोरोनाच्या लाटेत गेले. आई अंगणवाडी सेविका. मुलीचे वडील आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिलेले. दोन्ही मुलं पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. यादीत चांदीचं ताट होतं, नावं कोरलेली जोडीची घड्याळं होती, आईबापांचं व्यंगचित्र काढलेले चहाचे मग होते, थायलंडची सहल होती आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून ‘सोन्याचं नाणं?’ असं लिहिलं होतं. सोनं २०२५ साली दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, तेव्हा ते प्रश्नचिन्ह योग्यच होतं.

माझ्या तोंडावर पहिलं उत्तर आलं ते आमच्या पिढीचं ठरलेलं. “अगं, आईबापांना कसला आहेर द्यायचा? त्यांचे उपकार का फिटणार आहेत?” पण ते वाक्य मी गिळलं. कारण उपकार फिटत नाहीत हे खरं असलं, तरी ते न फेडण्याची सबब म्हणूनही हेच वाक्य आपण आजवर वापरत आलो आहोत. थकबाकीदार माझ्या टेबलासमोर बसून नेमकं हेच म्हणायचा, “साहेब, एवढी मोठी रक्कम आता कुठनं फिटणार?” आणि मी म्हणायचो, “सगळी नका फेडू, आज हप्ता तरी भरा.”

*

मुलांना वाटलं होतं की आईबापांना लग्नात भेट देणं ही बाहेरून आलेली टूम आहे. तसं नाही. आपल्या लग्नात ती रीत जुनीच आहे. वराकडची मंडळी वधूच्या आईला एक लुगडं देतात, त्याला पोटझाकणं म्हणतात. नऊ महिने जिनं पोटात वागवलं, तिच्या त्या पोटाचा मान. आजीला दिलेल्या लुगड्याला आजेचीर म्हणतात. शब्द किती नेमके आहेत पाहा. तुमची मुलगी आम्ही नेतो आहोत, ती आयती आकाशातून पडलेली नाही, तिच्यामागं एक आई आहे आणि त्या आईमागं आणखी एक आई आहे, हे कबूल करण्याची ही पावती. ज्यानं ही नावं ठेवली, त्याला कृतज्ञता कळत होती यात शंका नाही.

पण पावती एका बाजूला आणि खातं दुसऱ्याच बाजूला, असं पुढे झालं. वधूच्या आईला एक लुगडं, तेही पुष्कळदा दुकानदारानं ‘देण्याघेण्यातलं’ म्हणून वेगळ्या गठ्ठ्यातून काढलेलं. उलट वराच्या आईचा मान बघा. तिचे पाय धुवायचे, तिची वेगळी पंगत मांडायची, रुसली तर समजूत काढायची. आणि शेवटी झाल. वेळूच्या दुरडीत दिवे लावून ती वराकडच्यांच्या डोक्यावर धरायची आणि मुलगी त्यांच्या ओटीत घालायची. त्या वेळी डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. पण ज्या घरानं मुलगी दिली त्यानंच शालूही द्यायचा, मानही द्यायचा आणि वर ‘काही कमी पडलं असेल तर पदरात घ्या’ असंही म्हणायचं, हा हिशेब कुठल्याच जमाखर्चात बसत नाही. जो घेतो त्यानं आभार मानायचे, हा साधा व्यवहार. आपण तो बरोबर उलटा केला.

हा उलटा व्यवहार मी वर्षानुवर्षं बँकेच्या टेबलावरून पाहिला. मी १९८१ साली नोकरीला लागलो तेव्हा कुपवाड हे गावच होतं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली ती १९९८ साली. सूतगिरणीतला, फौंड्रीतला कामगार यायचा, टोपी काढून हातात धरायचा आणि म्हणायचा, “साहेब, पोरीचं लगीन काढलंय.” कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ असा एक रकाना असतो. त्यात म्हैस, घरदुरुस्ती, आजारपण, काय वाटेल ते लिहिलेलं असे. पण खरं कारण बोलताना बाहेर पडे. प्रॉव्हिडंट फंडातून लग्नासाठी उचल घेण्याची सोयही होती. बरीच वर्षं नियम असा होता की सात वर्षं सभासद असलेल्याला स्वतःच्या हिश्श्यातली निम्मी रक्कम काढता येई. म्हातारपणाची पुंजी निम्मी मांडवात जायची.

एकदा एकानं अर्जाबरोबर खर्चाची यादीच जोडली. मांडव, आचारी, भांडी, सोनं, असं करत शेवटची ओळ होती ‘विहीणबाईंचा मान’, आणि पुढचा आकडा आचाऱ्याच्या दुप्पट. मी विचारलं, “हे त्यांनी मागितलंय का?” तो म्हणाला, “मागितलं नाही साहेब. पण थोरल्या सुनेच्या घरनं किती आलं होतं, ते सांगितलं.” मागणं आणि सांगणं यांतला फरक आपल्या समाजानं इतका बारीक करून ठेवला आहे की त्यातून सूतसुद्धा जाणार नाही.

कायदा मात्र फसत नाही, वापरला तर. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानं हुंड्याची व्याख्या केली आहे, तीत फक्त नवरामुलगाच नाही; लग्नाच्या संबंधात त्याच्या आईबापांना किंवा दुसऱ्या कोणालाही दिलेली मौल्यवान वस्तू तीत येते. मागणी न करता, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीला झेपेल अशी दिलेली भेट चालते. १९८५च्या नियमांनी तर नवरीला मिळालेल्या भेटींची एक आणि नवऱ्याला मिळालेल्या भेटींची एक, अशा दोन लेखी याद्या करायला सांगितल्या. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कोणी, नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभाराणी खटल्यात स्त्रीधन हे त्या बाईचंच, नवरा फार तर त्याचा राखणदार, असं बजावलं. आहेराच्या वहीत ‘अकरा रुपये’ सुद्धा लिहून ठेवणारे आपण, पण ही यादी केलेली मी एकाही लग्नात पाहिली नाही.

*

आता हे सगळं दुसऱ्यांचं सांगितलं. माझं सांगायलाच हवं.

माझं लग्न १९८५च्या मे महिन्यातलं. वडील सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांतली हळद साऱ्या मुलखाच्या लग्नांत जायची आणि आमच्या घरी मात्र पगाराला महिनाअखेर पुरायची नाही. सासरे तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक. मी बँकेत अधिकारी झालेलो, दोन गोष्टी मासिकांत छापून आलेल्या, डोक्यात पुरोगामी विचार. बैठकीत मी स्पष्ट म्हणालो, “हुंडा नको. मला काहीही नको.” सासऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मी पुढे वीस वर्षं मित्रांना सांगत होतो. भाषणांतही सांगितली. त्यानंतर मी गप्प बसलो आणि ‘मोठ्यांनी’ काय ठरवलं ते विचारलं नाही.

सासरे २००९ साली गेले. दिवसकार्य झाल्यावर पत्नीनं त्यांची ट्रंक उघडली. त्यात पतपेढीचं एक पासबुक निघालं. एप्रिल १९८५ला नऊ हजार रुपये कर्ज. मे महिन्यापासून दरमहा एकशेसत्तर रुपयांचा हप्ता. शेवटचा हप्ता एप्रिल १९९२. चौऱ्याऐंशी हप्ते आणि त्यांतला एकही चुकलेला नाही. मी जन्मभर पासबुकं पाहिली. इतकं स्वच्छ पासबुक क्वचित पाहिलं. त्यात घडी घातलेला वहीचा कागद होता. त्यांच्या वळणदार अक्षरात यादी. ‘विहीणबाई – शालू १, लुगडी २. व्याही – धोतरजोडा, कोटाचे कापड. करवल्या – ७ साड्या.’ आणि तळाशी, ‘जावई – काही नको म्हणाले. तरी घड्याळ.’

ते घड्याळ मी त्या क्षणी मनगटावर बांधून बसलो होतो.

शेवटचा हप्ता गेला तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. दर दिवाळीला आम्ही सासुरवाडीला जात होतो, सासरे मला जिलबीचा आग्रह करत होते, आणि माझ्या लग्नाचं कर्ज त्यांच्या पगारातून कापलं जात होतं. समोर आलेल्या प्रत्येक माणसाला ‘कर्ज कशासाठी?’ हे विचारण्याचाच मला पगार होता. माझ्या स्वतःच्या घरात मी तो प्रश्न विचारला नाही. ‘काही नको’ एवढं म्हणून मी माझी जबाबदारी संपवली होती. हुंडा नाकारला, पण मान नाकारला नाही; आणि पैसे तर मानालाच गेले.

म्हणून त्या दोघांना मी सांगितलं, “भेट घेण्याआधी एक काम करा. दोन्ही घरांत बसा आणि लग्नाचा खर्च किती, तो येतो कुठून, हे विचारा. आकडा ऐका. बाप सांगणार नाही. तो ‘तुम्हांला काय करायचंय, आम्ही आहोत ना’ म्हणेल. तरी विचारा. या प्रश्नाइतकी मोठी भेट तुमच्या यादीत नाही.”

*

आमच्या या मुलखाला साध्या लग्नाची परंपरा नाही असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीवाचून, थोडक्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. ऋण काढून सण साजरा करणारा शेतकरी पुढे पिढ्यान् पिढ्या त्या ऋणात कसा अडकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगलीच्या खेड्यांत ‘गांधी विवाह’ लागले. हुंडा नाही, मानपान नाही, चार हारांत लग्न उरकायचं. इंग्रजांशी झुंजणाऱ्या माणसांना लग्नाच्या खर्चाकडे बघायला सवड मिळाली, कारण सावकाराचं राज्य घरातूनच सुरू होतं हे त्यांना ठाऊक होतं. ज्या गावांत तेव्हा असे मांडव पडले, त्याच गावांत आज नवरदेवाच्या वरातीपुढे आकाशातून ड्रोन फिरतो. असो.

आईबापांचे आभार मानायची रीत जगात इतरत्रही आहे. चिनी लग्नात नवराबायको दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना वाकून चहा देतात. चहाच, पण तो दोघांनी मिळून द्यायचा आणि दोन्ही घरांना द्यायचा. जपानात समारंभाच्या शेवटी नवरी आईबापांना लिहिलेलं पत्र सर्वांदेखत वाचते आणि मग काही भेट देते. त्यांतली एक भेट मला फार आवडली. जन्मताना बाळाचं जितकं वजन होतं, बरोबर तितक्याच वजनाचं कापडी अस्वल किंवा तितक्याच वजनाची तांदळाची पिशवी. आईनं ती हातात घेतली की तिला ते पहिलं वजन पुन्हा जाणवावं.

हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिची आई, म्हणजे आमच्या शेजारीणबाई, तिथं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यात काय! हिची गुळाची तुला केली होती आम्ही. नवस होता. जन्मली तेव्हा दोन किलोची पण नव्हती.” आणि मग मुलीला आपण जन्मताना किती बारीक होतो, मिरजेच्या दवाखान्यात किती दिवस ठेवावं लागलं, बाप रात्रपाळी करून सकाळी तिथं येऊन बाकावर कसा झोपायचा, हे सगळं पहिल्यांदा कळलं. तिघीचौघांत भेटवस्तूंची यादी तशीच पडून राहिली.

*

यादीबद्दल माझं मत मात्र मी दिलं, ते इथंही देतो. निवृत्त माणसाचं मत फुकट असतं, त्यामुळे ऐकायला हरकत नाही.

नावं कोरलेलं चांदीचं ताट कोणी जेवायला घेत नाही आणि अडचणीत मोडायलाही हात धजत नाही. ते शोकेसमध्ये काळं पडतं. आईबापांच्या घरात आधीच शोकेस भरलेली असते. बालवाडीपासूनची तुमची बक्षिसंच तिथं आहेत. त्यापेक्षा त्यांच्या घरात दोन दिवस राहून पाहा. आईचा चष्मा कधीचा आहे? बापाला फोनवरचं ऐकू येतं की तो नुसताच ‘हं, हं’ म्हणतो? न्हाणीघराची फरशी घसरते का? विम्याचा हप्ता कोण भरतं, की विमाच नाही? भट्टीपुढे तीस वर्षं काढलेल्या माणसाचे डोळे आणि कान यांची तपासणी हा थायलंडपेक्षा चांगला आहेर आहे. सहलीला माझा विरोध नाही. पण ज्या बाईनं आयुष्यात एकदाही स्वतःहून ‘मला अमुक ठिकाणी जायचंय’ म्हटलेलं नाही, तिला आधी विचारावं तरी. कदाचित ती पंढरपूर म्हणेल, कदाचित माहेरचं गाव म्हणेल.

दुसरं असं की दोन्ही घरांना सारखं द्यावं. किंमत सारखी, मान सारखा. एकीला पैठणी आणि दुसरीला ‘देण्याघेण्यातली’, हे आता तरी थांबावं. मुलगी वाढवायला मुलाइतकंच दूध लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक. मुलाची आई विधवा. लग्नाच्या घरात अशी आई काय करते, हे आपण सगळे जाणतो. ती स्वयंपाकघरात असते. मुलाला हळद लावायला पुढे होत नाही, ओटी भरायला पुढे होत नाही, अक्षता टाकायलाही खांबाआड उभी राहते. जिनं एकटीनं मुलगा वाढवला, तिनंच त्याच्या लग्नात आडोशाला उभं राहायचं. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सुचवलं. ठराव कागदावर असतो. तो मांडवात उतरवायचा तर कोणाच्या तरी मुलानं आईचा हात धरून तिला पुढे आणावं लागतं. मी त्या मुलाला म्हटलं, “तुझ्या आईला काय द्यायचं, ते दुकानात मिळत नाही. जागा दे.” तो बराच वेळ काही बोलला नाही.

चौथं मत होतं की हे सगळं घरात करावं, स्टेजवर नको. माईक, मागे रडकं संगीत, आईबापांना खुर्चीत बसवून पाय धुणं आणि ते टिपणारे चार कॅमेरे, हे मला पाहवत नाही. आभार हे कानात सांगायचे असतात, असं मी जरा घोळवून बोललो.

त्यावर मुलगी म्हणाली, “काका, तुमचं नाव पेपरात छापून येतं. तुमचे सत्कार होतात. माझ्या बाबांचं नाव आजवर फौंड्रीत फक्त हजेरीला घेतलं गेलं. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर ते कोणीतरी माईकवर घेतलेलं मला ऐकायचंय.”

मी निरुत्तर झालो. चौथं मत मी मागे घेतलं आहे.

*

मुलांनी हिशेब विचारला. आठवडाभर बापानं उडवाउडवी केली. शेवटी आईनं सांगितलं. कारखान्यातल्या कामगारांच्या सोसायटीतून अडीच लाख उचलले होते. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. हा आकडा ऐकून दोघांनी पुण्याचं दुसरं रिसेप्शन रद्द केलं, ड्रोन रद्द केला, आणि ते पैसे घेऊन मुलगी बापापुढे उभी राहिली.

इथे खरी अडचण आली. बाप म्हणाला, “पोरीचे पैसे घेऊ होय? लोक शेण घालतील तोंडात.” लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं मानणाऱ्या पिढीचा हा माणूस. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, २००५ साली तो साऱ्या देशात मिळाला. म्हातारपणी आईबापांना सांभाळायची जबाबदारी २००७च्या कायद्यानं मुलीवरही टाकली. म्हणजे घेणंही सारखं आणि देणंही सारखं, हे कायद्यानं केव्हाच कबूल केलं. आपल्या मनानं केलेलं नाही. मी त्याला हे समजावून सांगणार होतो, पण तोवर त्याच्या बायकोनं एका वाक्यात निकाल लावला. “पोरगा असता तर घेतले असतेस न्हवं?”

बाप बराच वेळ अंगणातल्या मोटारसायकलकडे बघत बसला. मग म्हणाला, “निम्मे घेतो. निम्मे माझे मी फेडीन.” बापानं निम्मे घेतले, हा माझ्या मते त्या लग्नातला सर्वांत मोठा आहेर. मुलांचं देणं जितकं अवघड, तितकंच आईबापांचं घेणं अवघड. आयुष्यभर देत आलेल्या हाताला उताणं व्हायला शिकवावं लागतं.

लग्न फेब्रुवारीत झालं. मुलाला पहिली हळद त्याच्या आईनं लावली. दोघी विहिणींनी एकमेकींना सारखीच इरकल साडी दिली, एकाच दुकानातली, एकाच गठ्ठ्यातली. जेवणाआधी मुलीनं माईक घेतला, वडिलांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, “यांनी तीस वर्षं आगीपुढे उभं राहून मला शिकवलं.” एवढंच. तो गृहस्थ पहिल्या रांगेत बसून हातातली अक्षतांची पुडी पुन्हा पुन्हा घडी घालत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीला न सांगता सांगलीला जाऊन मी एक चांगलं नऊवारी लुगडं घेतलं आणि तासगावची एसटी पकडली. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. स्मरण पक्कं आहे. लुगडं त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणालो, “आई, पोटझाकणं आणलंय. चाळीस वर्षं उशीर झाला.”

त्यांनी ते उलगडून पदर पाहिला, काठ पाहिला, बोटांत धरून पोत पाहिला. म्हणाल्या, “उशीर कुठला? तवा तुमच्या आईनं आणलंच होतं की. रंग लई विटका होता. मी कधी नेसले नाही.”

मग हसल्या. लुगड्याची घडी घालून मांडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, “मला आणलंत, बरं केलंत. हप्ते त्यांनी भरले होते.”

मी काय बोलणार? त्या खात्यावर आता भरणा करता येत नाही. ज्यांची खाती अजून चालू आहेत, त्यांनी उशीर करू नये.